जांभळ्या शिक्क्याचा कागद

निकाल शनिवारी लागला. बडे मास्तरांनी तो शाळेच्या ओट्यावर उभं राहून वाचला. तिसरीतली सात मुलं वाचनात नापास झाली. त्यांत माझा भाऊ दत्तू होता, आणि म्हाळू धनगर होता. मी पास झाले.

दत्तूदादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो तिसरीत पहिल्यांदा बसला तेव्हा मी पहिलीत होते. दुसऱ्यांदा बसला तेव्हा दुसरीत. तिसऱ्या वर्षी मी त्याला गाठलं आणि त्या शनिवारी ओलांडून पुढे गेले. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्याच शाळेत दुय्यम मास्तर होते, त्यामुळे ही गोष्ट घरी जाऊन सांगायची गरज पडली नाही. नाना निकालाच्या वेळी बडे मास्तरांच्या मागे उभे होते आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. त्या झाडात बघण्यासारखं काही नव्हतं. आईनं त्या दिवशी धपाटे केले होते. निकाल काहीही लागो, धपाटे व्हायचेच. पीठ आधीच मळलेलं असायचं. दादानं चार खाल्ले आणि पाचवा मागितला. नाना म्हणाले, "भूक तरी वरच्या जमातीत गेली म्हणायची." आईनं पाचवा धपाटा दादाच्या ताटात टाकला आणि नानांना वाढायला विसरली.

आमचं गाव नर्सीपासून पायी तासाभराच्या अंतरावर, कयाधू नदीच्या अलीकडे. आमच्या घराची मागची भिंत आणि करीमचाचा पिंजाऱ्याच्या घराची भिंत एकच होती. त्या भिंतीतून दिवसभर पिंजणाच्या तारेचा आवाज यायचा, ट्यंव ट्यंव, आणि कापसाचे बारीक तंतू कौलांच्या फटीतून आमच्या तव्यापर्यंत पोचायचे. आई म्हणायची, "करीमभाऊ, आमच्या भाकरीत किती कापूस घालून राहिले?" पलीकडून उत्तर यायचं, "भाभी, हलकी होती रोटी. खाके देखो." त्या आवाजाची इतकी सवय होती, की शुक्रवारी चाचा नमाजला जायचे तेव्हा गप्प झालेल्या भिंतीमुळे आम्हाला वाचन जमायचं नाही. म्हणजे मला जमायचं नाही. दादाला एरवीही जमायचं नाही.

दादाचं काय होत होतं ते तेव्हा कुणाला कळत नव्हतं. तो मला सांगायचा, "गोदे, अक्षरं एका जागी बसत न्हाईत." मी म्हणायचे, बसतात, नीट बघ. तो नीट बघायचा आणि त्याचे डोळे पाण्यानं भरायचे. त्यावर मी एक तोडगा काढला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. धडा मी मोठ्यानं वाचायचे; एकदा, फार तर दोनदा. दादाला तो पाठ व्हायचा, अर्धविरामाच्या जागी थांबण्यासकट. मग तो पुस्तक हातात धरून धडा म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, काय वाचतो पोरगा! वार्षिक परीक्षेत मात्र बडे मास्तर धड्याच्या मधूनच एखादी ओळ दाखवत आणि तिथे दादा बुडायचा. आपण भावाला मदत करतोय असं मला वाटत होतं. ती मदत मी तीन वर्षं न चुकता केली.

निकालानंतर दोन दिवसांनी कोतवाल सात घरी सात कागद देऊन गेला. राज्य निजामाचं, त्यामुळे कागद उर्दूत होते. बडे मास्तरांचं अक्षर सुंदर, ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या, आणि खाली जांभळा शिक्का. गावात असा कागद आला की तो करीमचाचांकडे जायचा. कारण उघड होतं: चाचा मुसलमान, कागद उर्दूत, तेव्हा तो त्यांना वाचता येणारच. चाचा हात पुसून कागद घेत, दूर धरत, ओठ हलवत, मध्येच मान डोलवत आणि शेवटी एक उसासा टाकून मजकूर सांगत. हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या आठवड्यात त्यांनी तेल्याला सांगितलं की मुलाचं नाव सरकारच्या वहीत चढलं. सुताराला सांगितलं, काळजीचं कारण नाही. म्हाळूच्या आईला, सखूबाईला, कागद देताना त्यांचा चेहरा पडला. "जांभळा शिक्का," ते म्हणाले, "बेगारीचा दिसतो. लेकराला वेठीला नेतील." आणि स्वतःच्या घरचा कागद वाचून त्यांनी बायकोला सांगितलं की आपल्या रज्जाकला पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादेला बोलावलंय.

चाचींनी गूळ वाटला. आमच्या घरीही आणून दिला. आई दाराशी उभी राहून तो खडा हातात घेऊन बघत राहिली, कारण नापास झालेल्या सातांत रज्जाकही आहे हे तिला ठाऊक होतं. चाची गेल्यावर ती मला म्हणाली, "गोदे, आपल्या घरी आलेला कागद वाच बरं."

मला उर्दू येत होती ती बडे मास्तरांच्या बीबींमुळे. त्या पडद्यात असत, त्यांना लेकरूबाळ नव्हतं, आणि दुपारी त्यांना कुणीतरी गोष्टी वाचून दाखवणारं हवं असे. मी भरभर वाचू लागले की म्हणत, "ठहर ठहर के, बेटी. शब्दाला बसू दे, मग उठव." आईसमोर मी तो कागद तसाच, थांबत थांबत वाचला. त्यात शिक्षा नव्हती की बेगार नव्हती की हैदराबाद नव्हतं. लिहिलं होतं ते असं: जे मूल फक्त वाचनात राहिलं आहे, त्याला महिनाभर दुपारी वाचनाचा जादा वर्ग मिळेल, त्यासाठी पालकानं या कागदावर अंगठा किंवा सही करून तो परत द्यावा. महिना संपताच मोहतमिम, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, स्वतः येऊन पालकांसमोर मुलाला वाचायला लावतील. वाचता आलं तर मूल चौथीत जाईल, नाही तर पुन्हा तिसरीत बसेल. मात्र जे आधीच दोनदा त्याच जमातीत, म्हणजे इयत्तेत, राहिलं आहे, त्याला पुन्हा बसता येणार नाही. त्याचं नाव शाळेतून कमी होईल.

दोनदा राहिलेले दोघेच होते. दादा आणि म्हाळू.

मागच्या महिन्यात माझ्या पणतूच्या शाळेनं त्याच्या आईवडिलांना बोलावलं होतं. शाळा हिंगोलीत, इंग्रजी. पंखा होता, चहा होता, आणि पणतूला वाचनात जादा मदत कशी द्यायची याचा चार पानी आराखडा होता. दादाला जे होत होतं त्याला आता एक नाव आहे, ते त्या पानांवर तीनदा आलं होतं. नातवानं सही केली आणि कागद घरी आणला. मी विचारलं, काय लिहिलंय? त्यानं कागद दूर धरला, ओठ हलवले, मान डोलवली. "काळजीचं कारण नाही, आजी," तो म्हणाला. खालचा शिक्का जांभळाच होता.

तर आई म्हणाली, "नानांना सांग, घरोघरी जाऊन समजावून द्या म्हणावं." नाना म्हणाले, कागद पोचवला की शाळेचं काम संपतं, तसा नियम आहे. खरं कारण असं, की सात घरी जाऊन सात बापांना समजावून सांगताना आपणही त्यांतलेच एक बाप आहोत हे त्यांना सांगावं लागलं असतं. म्हणून मी निघाले. माझं वय तेव्हा दहा-अकरा. परकर, दोन वेण्या, आणि मास्तरची पोर असल्याचा थोडा ताठा.

तेल्यानं सगळं ऐकून घेतलं. घाण्याचा बैल फिरत होता. तो म्हणाला, "म्हंजे पोरगं एकाच जमातीत दोन वर्सं बसलं, तर दोन जमाती झाल्या असं धरत न्हाईत?"

"न्हाई."

"काहून? बसला तर दोन वर्सं ना?"

"बसला, पण पुढं गेला न्हाई, काका."

"आमचा बैल बी पुढं जात न्हाई," तेली म्हणाला, "पण तेल तरी निघतं." आणि त्यानं अंगठा दिला.

करीमचाचांकडे जायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि अंतर एका भिंतीचं होतं. मी म्हणाले, "चाचा, तुमचा चष्मा नसल्यामुळे कागदात जरा चुकलंय बहुतेक." चाचांकडे चष्मा कधीच नव्हता. त्यांनी तार वाजवायची थांबवली. चाची आत आहेत हे बघून घेतलं.

"बेटी, मेरेकू पढ़ना नै आता," ते हळूच म्हणाले. "लोकांनी कागद आणला, हातात दिला. येतं का म्हणून कुणी विचारलंच न्हाई. मी शिक्का बघून सांगायचो. गोल असला तर शेतसाऱ्याचा, लांबट असला तर कचेरीचा. बराबर निघायचं बहुत वेळा."

"आणि जांभळा?"

"जांभळा पहलीच बार देखा." मग ते खाली बघून म्हणाले, "सखूबाईकू मैंने बेगार बोला ना. वो तो गई, बेटी. लेकराला घेऊन मेंढ्यांसंगं गई. परवाच."

म्हणजे म्हाळूला वाचवणारा कागद वाचूनच म्हाळूला पळवलं होतं. ती म्हाळूला शाळेत का पाठवते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका साली रानाच्या शिपायानं एक कागद नाचवून तिच्या मेंढ्या कोंडल्या होत्या, आणि त्या कागदावर काय आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "माझ्या घरात कागद वाचनारं एक तरी मानूस पायजे," असं ती म्हणायची. मेंढ्या लांब गेल्या की म्हाळू महिना महिना गैरहजर राही. दोनदा तिसरीत राहिला तो त्यामुळे. जादा वर्ग सुरू व्हायला चार दिवस होते.

दादा म्हणाला, "मी काढतो शोधून." नानांना विचारलं तर त्यांनी वहीतून मान वर न करता "जा" म्हटलं. आईनं ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून दिला. सकाळी निघालो. वाचता येत नाही असं सरकारनं लेखी दिलेला माझा भाऊ बाभळीच्या छाटलेल्या डहाळ्या बघून सांगत होता, काल इथं थांबले, लेंड्या चपलेनं फोडून सांगत होता, आज सकाळी गेले, एका ठिकाणी तर म्हणाला, "एक मेंढी लंगडती हाय." मी पुस्तकातली, मला सगळीकडे सारखाच माळ दिसत होता. उन्हं कलताना साखऱ्याच्या अलीकडच्या माळावर मेंढ्यांचा वाडा दिसला. जाळी लावलेली, आत कोकरं, आणि तीन दगडांवर कण्या शिजत होत्या. लंगडती मेंढी बाजूला बांधलेली होती.

सखूबाईनं आम्हाला बघून म्हाळूला घोंगड्याआड ढकललं. "तुमच्या बापानं धाडलं का बेगारीला न्यायला?"

मी तिच्याकडचा कागद मागून घेतला, वाचला, मराठीत सांगितला. जमात, वर्ग, मोहतमिम, नाव कमी. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. मोठ्यानं सांगितलं की समजतं असं शिकलेल्या माणसांना वाटतं.

ती म्हणाली, "पोरी, शिकवून राहिली की भांडून राहिली?" मग जाळीकडे बोट केलं. आत पाच-सहा बारकी कोकरं होती. "ही बघ. कळपासंगं चालायाला कच्ची हायेत. ह्यांना महिनाभर वाड्यात ठेवतो, माय जवळ बांधतो, दूध ज्यादा पाजतो. मग सोडतो. तुझं सरकार तेच म्हनतंय का?"

"व्हय," मी म्हणाले. "तेच."

"मग असं सांग की! बेगार कशाला म्हनायची त्याला?" तिनं चुलीतल्या काजळीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. "आन् महिन्यानं तो सायब काय करनार?"

"म्हाळूला वाचायला लावणार. त्यानं वाचून दाखवलं, तर वर जाणार."

"वाचून दाखवलं तर वर. पक्कं?"

"पक्कं."

"सगळ्यांना हेच? तुज्या भावाला बी?"

"सगळ्यांना एकच नियम आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी त्या आठवड्यात घरोघरी म्हणत होते आणि मला ते फार आवडायचं. परत आल्यावर उरलेल्या घरी मी कोकराचंच उदाहरण दिलं आणि सगळ्यांना एका दमात समजलं. ते माझं आहे असंच लोकांना वाटलं. मी दुरुस्ती केली नाही.

तो महिना मला आवाजांनी आठवतो. दुपारचं ऊन, लिंबाखाली सात पोरं, आणि नाना पुढे म्हणताहेत, पोरं मागे म्हणताहेत. नानांची शिकवायची रीत तीच, आणि त्या काळच्या सगळ्या मास्तरांचीही तीच: एकानं म्हणायचं, सगळ्यांनी ओरडायचं, आणि पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं. मेंढ्यांच्या चालीनं म्हाळूला घरी पोचायलाच आठवडा लागला होता. त्याला त्या ओरडण्याची लय सापडेना; सगळे थांबले की तो एकटाच एक शब्द मागे असायचा. म्हणून संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येई आणि मी त्याला एकेक अक्षर धरून शिकवी. त्याच्यासाठी मला पाठांतराचा तोडगा वापरता येईना, कारण त्याला काही पाठच व्हायचं नाही. बिचाऱ्याला वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो ओळीखाली काडी धरायचा. जोडाक्षर आलं की थांबायचा, ओठांनी ते फोडायचा, जोडायचा, मग बोलायचा. विसाव्या दिवशी त्यानं एक पूर्ण पान वाचलं आणि पान संपल्यावर खालचा आकडाही वाचला, "अठ्ठावीस," आणि त्याखालची छापखान्याची बारीक ओळसुद्धा. काय सोडायचं असतं हे मी शिकवलंच नव्हतं. दादा शेजारी बसून हसत होता. त्याला एव्हाना सगळं पुस्तक पाठ झालं होतं, म्हाळूला शिकवताना ऐकून ऐकून.

मोहतमिम आले ते दहा वाजता, घामानं भिजलेले. त्यांना दुपारच्या आत हिंगोलीला परतायचं होतं, हे त्यांनी घोड्यावरून उतरतानाच सांगितलं. पालक भिंतीला टेकून बसले होते. तेली, सुतार, करीमचाचा, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली सखूबाई. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होते. साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. प्रत्येकाला एक धडा, सुरुवातीपासून, असं ठरलं. मधली ओळ शोधायला वेळ लागतो.

दादाला आठवा धडा आला. त्यानं पुस्तक धरलं आणि सुरू केलं. आवाज खणखणीत, अर्धविरामाला थांबा, प्रश्नचिन्हाला चढ. त्याचे डोळे पुस्तकावर नव्हते, माझ्यावर होते. साहेबांचे घड्याळावर होते. अर्ध्या धड्यातच ते म्हणाले, "शाबास. कामयाब." बडे मास्तरांनी वहीत लिहिलं. नाना लिंबाच्या झाडाकडे बघत होते. रज्जाक पास झाला, तेल्याचा पास झाला. सगळे पाठ म्हणत होते आणि सगळे पास होत होते.

शेवटी म्हाळू. त्यानं खिशातून काडी काढली. ओळीखाली धरली. पहिला शब्द वाचला. थांबला. दुसरा वाचला. खोलीत माशीचा आवाज येत होता. त्या धड्यात जोडाक्षरं फार होती, आणि तो एकेक फोडून, जोडून, एकही न चुकता पुढे सरकत होता. साहेबांनी घड्याळ उचललं, ठेवलं. पान संपलं तेव्हा म्हाळूनं खालचा आकडा वाचला. साहेब हसले. "ये तो रुक रुक के पढ़ता. ज्याला येतं तो थांबत नाही. नाकाम." मग नियमाप्रमाणे त्यांनी पालकांना विचारलं, "सबको समझा?"

सखूबाई उठली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली. "पोरी, तू म्हनली व्हतीस, वाचून दाखवलं तर वर. माज्या लेकरानं वाचलं, न्हवं?"

सगळ्या गावात तो नियम मला जितका माहीत होता तितका कुणालाही नव्हता. खरं वाचन त्या खोलीत एकानंच केलं होतं हेही मला माहीत होतं. आणि मी ते बोलले असते तर साहेबांनी दादाला एखादी मधली ओळ दाखवली असती. दादाचं तिसरं वर्ष होतं. मी नानांकडे बघितलं. नाना वहीकडे बघत होते. मी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"समजलं," सखूबाई म्हणाली. "आमी कच्चं कोकरू वाड्यात ठेवतो, सायब. वाड्याभाईर काढत न्हाई." तिच्या अंगठ्याच्या त्याच कागदावर निकाल लिहून तो तिच्या हातात दिला गेला. जाताना तिनं तो माझ्या हातात ठेवला. "हे तुज्याकडंच असू दे. तुला वाचता येतं."

जेवताना नाना म्हणाले, "मोहतमिमांचा निकाल अखेरचा. तसा नियम आहे."

आई म्हणाली, "दत्तूला वाचता येतं, असं बी त्या नियमात लिहिलंय का?" नानांनी भाकरी मोडली. अंबाडीची भाजी होती.

दादानं हात धुताना मला विचारलं, "म्हाळूनं खरंच वाचलं, न्हवं का, गोदे?"

"व्हय."

"मग तू बोलली काहून न्हाई?"

मी म्हणाले, "तुझ्यासाठी." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, अक्षरांकडे बघायचा तसा. चौथी सुरू झाली तेव्हा तो पहिल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. नानांनी छडी घेतली, समजावलं, शेवटी विनवलं. "ती जागा म्हाळूची हाय," एवढंच तो म्हणाला, आणि सखूबाईच्या मेंढ्यांमागे गेला. ठरलेले दिवस गैरहजर राहिल्यावर त्याचंही नाव कमी झालं, नियमानुसार. त्याची रिकामी जागा म्हाळूला द्यावी, असा मात्र नियम नव्हता. ज्या वर्गात सात जण वाचनात कच्चे म्हणून बसले होते, त्यातला वाचता येणारा एक बाहेर गेला आणि न येणारे पाच पुढे गेले. सातव्यानं स्वतःचा निकाल स्वतः लावला.

पुढे दोन-तीन वर्षांनी पोलीस अॅक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. त्या भाद्रपदात करीमचाचांचं घर एका दुपारी रिकामं झालं. ते कुठं गेले हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही फार विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भिंत गप्प झाली ती झालीच. आईच्या भाकरीत कापूस येईनासा झाला. सरकारी कागद मराठीत येऊ लागले, आणि ते वाचून घ्यायला लोक म्हाळूकडे जाऊ लागले. तो सावकाश वाचायचा, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा.

मी मास्तरीण झाले. किती मुलं वर पाठवली, किती ठेवली, हे मला सांगता येणार नाही. मधल्या ओळी मात्र मी सगळ्यांना दाखवत आले. दादानं मेंढ्या सोडून वारंगा फाट्यावर गाड्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. न बघता, नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं कुठली गाडी येतेय आणि तिचं काय बिघडलंय. मी त्याला दर महिन्याला पत्र लिहीत असे. भेटल्यावर तो पत्रातलं सगळं बोलून दाखवायचा, माझ्या शब्दांत, माझ्या अर्धविरामांसकट. वहिनी वाचून दाखवत असतील असं मी धरून चालले होते. वहिनींना वाचता येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दादा गेल्या पौषात गेला. दहाव्याला म्हाळू आला. काठी, जाड भिंगांचा चष्मा. पुढं त्यानंही वारंग्याजवळच वस्ती केली होती. त्याच्या पिशवीत माझी पत्रं होती, सुतळीनं बांधलेली. "तुमचं पत्र आलं की दत्तू निरोप धाडायचा," तो म्हणाला. "तुमचं अक्षर बारीक, बाई. मला लई येळ लागायचा. दत्तू म्हनायचा, लागू दे." मी त्याला एक वाचायला सांगितलं. त्यानं खिशातून काडी काढली. प्रत्येक शब्दाला बसू दिलं, मग उठवलं. शेवटी माझी सही वाचली, तारीख वाचली, आणि कोपऱ्यात मी घातलेला पानाचा आकडा वाचला.

पत्रं म्हाळूकडे आहेत. मी परत मागितली नाहीत. माझ्याकडे तो कागद आहे. त्यावर सखूबाईचा अंगठा आहे, शिक्का आहे, आणि 'नाकाम' असं उर्दूत लिहिलेलं आहे. आमच्या घरात ते वाचता येणारी आता मी एकटी आहे.